मी पाहिलेले पर्ल हार्बर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "तुमच्या हवाईच्या प्रवासावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र, नारळीची झाडे आणि गळ्यात घालायच्या फुलांच्या माळा असणार. ते सारे तिथे आहे. नारळी पाहून तर मी चिरंजीवांना म्हटलेदेखील, "अरे, एवढा पैसा खर्चून शेवटी मला गुहागरलाच आणलेस की!" पण मैत्रिणींनो, त्या प्रवासातला एकच दिवस मी मनात धरून घरी आले. तो दिवस पर्ल हार्बरचा. आज बोलणार आहे ते त्याच दिवसाबद्दल, आणि शेवटी थोडे आपल्या घरच्याबद्दल.

मला लढाया आणि तोफा यांचे वेड कधीच नव्हते. २०२३ सालच्या मार्चमध्ये मी मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. तिथून विमानाने पाच तासांवर होनोलुलू. "आई, एक दिवस माझ्यासाठी दे," असे मुलगा म्हणाला, म्हणून मी गेले. आपली बायकांची जात, बाहेर पडायचे म्हटले की पिशवी आधी भरते. मी लाडूंचा डबा, पाण्याची बाटली, स्वेटर, औषधे असा संसार बरोबर घेतला होता. दारात पोचतो तर पाटी: पिशव्या आत नेण्यास मनाई. माझी पर्ससुद्धा बाहेर ठेवून घेतली गेली. रिकाम्या हाताने चालताना मला फार चमत्कारिक वाटले. पुढे आत गेल्यावर उमगले, की तिथे रिकाम्या हातांनीच जावे हे बरे.

स्मारक पाण्यात आहे. काठावरून नौदलाची होडी आपल्याला तिथे घेऊन जाते. होडी चालवणारी खलाशी पोरगी आपल्या कॉलेजातल्या मुलींएवढी होती. होडीत बसताना सगळे फोटो काढत होते, मुले दंगा करीत होती. दहा मिनिटांचाच प्रवास, पण पांढरी इमारत जवळ येऊ लागली तशी सारी माणसे आपोआप गप्प झाली.

आता तिथे घडले काय, ते थोडक्यात सांगते. १९४१ सालच्या डिसेंबरची ७ तारीख, रविवारची सकाळ. दुसरे महायुद्ध युरोपात दोन वर्षे पेटलेले होते, परंतु अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. जपानशी बोलणी चालू होती. जपानची सहा विमानवाहू जहाजे गुपचूप हवाईच्या उत्तरेला येऊन ठेपली, आणि आठला पाच मिनिटे असताना त्यांच्या विमानांची पहिली लाट बंदरावर कोसळली. तासाभराने दुसरी लाट. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास विमाने. बंदरात आठ मोठ्या युद्धनौका होत्या. कुणी न्याहारीला बसले होते, कुणी सुटीचे म्हणून अजून अंथरुणात होते. त्या सकाळी २,४०३ अमेरिकन माणसे मेली. त्यांतली ६८ तर साधे नागरिक होते.

त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे एकाच जहाजावरची, 'ॲरिझोना'वरची. एक बॉम्ब जहाजाच्या पुढच्या भागात पत्रे भेदून खाली गेला आणि दारूगोळ्याचे कोठार उडाले. काही मिनिटांत जहाज तळाला. १,१७७ माणसे गेली. जहाजावर एक बँड होता. त्यातले वाजवणारे २१. ते २१च्या २१ गेले.

हे जहाज त्यांनी वर काढले नाही. आजही ते तिथेच बंदराच्या चिखलात बसलेले आहे, आणि त्याच्या पोटात नऊशेंहून अधिक माणसे आहेत. स्मारकाची पांढरी इमारत त्याच्यावर आडवी बांधली आहे, १८४ फूट लांब, पण जहाजाला ती कुठेही टेकत नाही. दोन्ही टोके उंच आणि मध्ये झोक दिल्यासारखी खाली गेलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, बांधणाराने चूक केली. काहींनी त्या काळी चेपलेला दुधाचा डबा म्हणून चेष्टाही केली होती म्हणे. पण ती मुद्दामची रचना आहे. एका टोकाला पूर्वीचा अभिमान, मध्ये तो पराभव, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उभे राहणे.

ही रचना करणारे आल्फ्रेड प्राइस हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या जाचातून सुटून १९३९ साली ते हवाईला आले, आणि पर्ल हार्बरवर हल्ला होताच, शत्रूच्या देशातला माणूस म्हणून अमेरिकेने त्यांनाच पकडून छावणीत ठेवले! सुटल्यावर ते तिथेच राहिले, आणि वीस वर्षांनी त्याच माणसाने हे स्मारक उभे केले. १९६२ साली ते लोकांना खुले झाले. त्याला पैसे कमी पडत होते, तेव्हा एल्व्हिस प्रेस्ली या गायकाने १९६१ साली कार्यक्रम करून पन्नास हजारांहून अधिक डॉलर मिळवून दिले. आपल्या मंडळाच्या इमारतनिधीसाठी आपण नाटक लावले होते, त्याची मला आठवण झाली.

इमारतीच्या मधोमध कठड्याशी उभे राहिले, की खाली पाण्यात जहाज दिसते. गंजलेले पत्रे, त्यावर शेवाळ, मधून मासे फिरताहेत. आणि पाण्यावर तेलाचा एक थेंब वर येतो. इंद्रधनुष्याचे रंग पसरतात आणि विरतात. थोड्या वेळाने दुसरा थेंब. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजात तेल भरले होते. ते ऐंशी वर्षांनंतर अजून असे थेंबाथेंबाने वर येते. त्याचा वासही येतो. आपण स्टोव्ह पेटवायचो त्या दिवसांतल्या स्वयंपाकघराची आठवण करून देणारा वास. माझ्या शेजारी एक म्हातारी जपानी बाई उभी होती. तिने हात जोडले. मीही जोडले. आम्हांला एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि तिची जरुरीही पडली नाही.

इमारतीच्या टोकाच्या खोलीत पांढऱ्या संगमरवराची भिंत आहे. तिच्यावर सगळी १,१७७ नावे कोरलेली आहेत. वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की तेच तेच आडनाव खाली-वर येते आहे. मुलाला विचारले. तो म्हणाला, "आई, ते भाऊ आहेत." त्या जहाजावर भावाभावांच्या कितीतरी जोड्या नोकरीला होत्या. काही घरचे तर तीन-तीन भाऊ. त्यांतल्या तेवीस घरच्या जोड्या संपल्या. एक बाप आणि मुलगाही होते, ते दोघेही गेले. मैत्रिणींनो, मी भिंतीपुढे उभी होते, पण माझ्या डोळ्यांपुढे तारवाला येत होता. एकाच घरी दोन तारा.

जे वाचले, त्यांच्यातल्या कित्येकांनी मरणानंतर आपल्या अस्थी याच जहाजात ठेवाव्यात अशी इच्छा सांगून ठेवली. पाणबुडे त्या अस्थींचा कलश घेऊन खाली उतरत आणि जहाजाच्या पोटात ठेवून येत. असे चाळीसहून अधिक कलश तिथे आहेत. शेवटचा २०१९ साली ठेवला गेला. त्या जहाजावरचे शेवटचे हयात गृहस्थ लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ रोजी एकशे दोन वर्षांचे होऊन वारले. त्यांनी मात्र जहाजात नव्हे, तर पत्नीच्या शेजारी विसावणे पसंत केले. हे वाचल्यावर मला उगाचच बरे वाटले.

तिथून बसने एक पूल ओलांडून आम्ही फोर्ड बेटावर गेलो. तिथे 'ओक्लाहोमा' जहाजाचे स्मारक आहे. ४२९ माणसांसाठी ४२९ पांढरे खांब, पांढऱ्या गणवेशातल्या खलाशांसारखे ओळीत उभे. हे जहाज पालथे झाले होते. आत अडकलेली माणसे पत्र्यावर ठोकत होती. गोदीतल्या कामगारांनी वरून पत्रा कापून त्यांतल्या ३२ जणांना जिवंत बाहेर काढले. बाकीच्यांच्या अस्थी मिळाल्या, पण ओळख पटेना, म्हणून त्या अनामिक म्हणून पुरल्या होत्या. २०१५ साली त्या पुन्हा वर काढल्या, नातेवाइकांच्या रक्ताशी ताडून पाहिल्या, आणि साडेतीनशेहून अधिक जणांना त्यांची नावे परत मिळाली. पुतणे-भाचे ऐंशीच्या घरात, आणि तेव्हा कुठे विशीतला काका घरी आला!

पुढे 'मिसुरी' ही प्रचंड युद्धनौका आहे. ॲरिझोनावर युद्ध सुरू झाले आणि मिसुरीवर ते संपले, म्हणून दोघींना जवळ जवळ ठेवले आहे. लांबी ८८७ फूट. तीन बुरुजांत मिळून नऊ अजस्र तोफा. त्यांचा एकेक गोळा हजार किलोच्या वर, आणि तो वीस मैलांपलीकडे जाऊन पडायचा. पुरुषमंडळी तोफांपाशी रेंगाळली. मी खाली भटारखाना पाहायला गेले. माणसांनाही उभे राहता येईल एवढी पातेली, पाव भाजायच्या भट्ट्या, एकावर एक टांगलेल्या झोपण्याच्या फळ्या. हजारो पोरांचे रोजचे जेवण! तोफेचा गोळा वीस मैल जातो हे ठीक, पण त्याआधी कुणीतरी पहाटे उठून पाव भाजलेला असतो.

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात याच जहाजाच्या डेकवर जपानने शरणागतीवर सही केली. जिथे टेबल होते तिथे आता गोल पत्रा बसवला आहे. त्या टेबलाची गंमत ऐका. या प्रसंगासाठी इंग्रजांच्या जहाजावरून एक सुंदर टेबल आणले होते. पण कागद एवढे मोठे, की ते त्यावर मावेनात. आयत्या वेळी धावाधाव करून खलाशांच्या जेवणघरातले साधे टेबल उचलून आणले आणि त्यावर हिरवे कापड अंथरले. जगातले सर्वांत मोठे युद्ध अखेर जेवणाच्या टेबलावर मिटले! बरे, सही करताना कॅनडाच्या प्रतिनिधीने भलत्याच ओळीवर सही केली, मग पुढच्या सगळ्यांची घडी चुकली, आणि हाताने खाडाखोड करून तो कागद दुरुस्त करावा लागला. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत खाडाखोड झाली, की आपण चिटणीसबाईंना किती बोलतो! यापुढे बोलायचे नाही.

पण त्या जहाजावर मला सर्वांत जास्त काय भावले, ते आता सांगते. उजव्या बाजूला कडेच्या पत्र्याला एक पोचा आहे. ११ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळ एक जपानी वैमानिक आपले विमान घेऊन जाणूनबुजून या जहाजावर आदळला. आग लागली, पण जहाजावरचे कुणी दगावले नाही. वैमानिकाचा देह डेकवर सापडला. खलाशी संतापले होते, तो देह पाण्यात ढकलून द्यायला निघाले होते. कप्तान विल्यम कॅलहन यांनी अडवले. त्यानेही आपले कर्तव्य केले, उद्या त्याचा रीतसर अंत्यविधी होईल, असा हुकूम दिला. रात्री जहाजावर जे कापड मिळाले, त्याचा जपानी झेंडा शिवला गेला. दुसऱ्या दिवशी त्या झेंड्यात गुंडाळून, सलामी देऊन, त्या शत्रूला समुद्रात सोडले. या कप्तानांचा सख्खा थोरला भाऊ नौदलात सेनाधिकारी होता, आणि अडीच वर्षांपूर्वीच जपान्यांशी लढताना मारला गेला होता. भावाला ज्यांनी मारले, त्यांच्यातल्या एका पोरासाठी ज्याने झेंडा शिवायला लावला, तो माणूस केवढा असेल! मी त्या पोच्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिले.

शेवटी काठावर परत येऊन 'बोफिन' ही पाणबुडी पाहिली. हिचे जलावतरण ७ डिसेंबर १९४२ रोजी, हल्ल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी झाले. म्हणून तिला 'पर्ल हार्बरचा सूड घेणारी' असे नाव पडले. आत जायला वाकावे लागते. ऐंशीएक माणसे, अरुंद बोळ, पाणतीरांच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. माझा जीव गुदमरला, मी लगेच वर आले. बाहेर महायुद्धात बुडालेल्या ५२ अमेरिकन पाणबुड्यांचे स्मारक आहे. तिथल्या बाकावर बसले असताना मुलाने मला एक गोष्ट सांगितली.

२२ ऑगस्ट १९४४च्या रात्री याच बोफिनने 'त्सुशिमा मारू' नावाचे जपानी जहाज बुडवले. पाणबुडीवरच्यांना ते शत्रूचे जहाज एवढेच ठाऊक होते. त्यात ओकिनावाची शाळकरी मुले होती. लढाई येणार म्हणून आईबापांनी त्यांना सुरक्षित ठिकाणी पाठवले होते. चौदाशेहून अधिक माणसे बुडाली, त्यांत सातशेच्या वर मुले. आणि जपानी अधिकाऱ्यांनी, जे वाचले त्यांना या गोष्टीची वाच्यता करायला बंदी केली. आया तिकडे मुलांच्या पत्रांची वाट पाहत बसल्या होत्या, आणि कुणी त्यांना काही सांगेना.

हे ऐकले, आणि मैत्रिणींनो, इतका वेळ जे परक्यांचे म्हणून पाहत होते, ते एकदम माझ्या घरात आले. मला माझी आत्या आठवली.

आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, बोटीवर आगवाले होते. आमच्या कोकणातल्या घरोघरची ही रीत. कुणी खलाशी, कुणी आगवाला, नशीब असेल तर सारंग. बॉयलरमध्ये कोळसा ओढायचा आणि घरी मनीऑर्डर पाठवायची. १९४२ सालच्या सुरुवातीला ते कलकत्त्याहून सुटणाऱ्या एका बोटीवर चढले. त्या बोटीचे इंग्रजी नाव घरात कुणाला नीट उच्चारता येत नसे. पर्ल हार्बरवर आलेल्या सहा विमानवाहू जहाजांपैकी पाच जहाजे चार महिन्यांनी आपल्या समुद्रात आली, आणि ५ एप्रिल १९४२ रोजी त्यांनी कोलंबोवर हल्ला केला. तोही रविवारच. त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या तुकडीने त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली. विशाखापट्टण आणि काकीनाडा इथेही बॉम्ब पडले. त्यानंतर आतोबांचे पत्र आले नाही.

काही महिन्यांनी एक माणूस आला, थकलेल्या पगाराचे पैसे देऊन आत्याची सही घेऊन गेला. बोट बुडाली, एवढेच म्हणाला. कुठे, केव्हा, कुणी पाहिले, काही नाही. तेव्हा आत्या वीस वर्षांची होती. तिने कुंकू पुसले नाही. "देह नाही, निरोप नाही, मग तेरावा कुणाचा घालू?" असे म्हणे. गावाने नावे ठेवली. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले जायचो, तेव्हा ती संध्याकाळी पडवीत बसलेली असायची, आणि खाडीतून लाँचचा भोंगा झाला की पाट्यावरचा हात थांबायचा. नारळी पौर्णिमेला सगळ्यांबरोबर ती नारळ सोडायची, पण तो सगळे परतल्यावर, एकटीच. १९८९ साली ती गेली, तेव्हाही कपाळावर कुंकू होते. आम्हां शिकलेल्या मुलींना ते वेड वाटायचे. मीही एकदा तिला तसे बोलले होते. ते शब्द मला परत घेता येत नाहीत.

त्या बाकावर बसून मला वाटले, संगमरवराची ती भिंत आत्याला मिळाली असती तर? तिने एकदा बोट लावून नाव वाचले असते, आणि घरी येऊन रडली असती. सत्तेचाळीस वर्षे भोंगा ऐकत बसली नसती.

घरी येऊन मी चौकशी सुरू केली, आणि मला माझी लाज वाटली. कारण भिंत नसली, तरी स्मारक आहे, आणि तेही आपल्या मुंबईतच! मशीद बंदराच्या बाजूला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या, ज्यांना थडगे नाही की समाधी नाही अशा नौसैनिकांची आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची स्मृती तिथे जपली आहे. संख्या सहा हजारांच्या वर. त्यांतले बहुतेक तोफा चालवणारे नव्हेत, तर कोळसा ओढणारे, भात शिजवणारे, दोर ओढणारे लोक. नावे पुस्तकात नोंदवलेली आहेत, आणि ती यादी आता घरबसल्याही पाहता येते. पर्ल हार्बर पाहायला मी अर्धी पृथ्वी ओलांडून गेले, आणि मशीद बंदरला, जिथे आपण मसाला घ्यायला जातो, तिथे सत्तर वर्षांत एकदाही डोकावले नाही.

भाच्याने यादीत शोधले. नावे इंग्रजीत लिहिलेली, कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी. आतोबांच्या नावाशी जुळणारी दोन नावे सापडली, दोघेही आगवाले. त्यांतले आमचे कोणते, हे सांगणारे आता घरात कुणी उरले नाही. म्हणून मी ठरवले आहे, दोन्ही नावांसाठी हात जोडायचे. दुसराही कुणाचा तरी आतोबा असेलच.

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाची दरवर्षी एक सहल निघते. यंदा ती मशीद बंदरला न्यावी, अशी माझी सूचना आहे. मसाल्याची खरेदीही होईल, म्हणजे तक्रार नको! आपल्यापैकी कितीजणींची माहेरे गुहागर, दाभोळ, राजापूर, मालवणकडची आहेत. घरी गेल्यावर जुन्या माणसांना विचारा. कुणाचे आजोबा, कुणाचे चुलते बोटीवर होते का, परत आले का. त्यांचे नाव, गाव आणि बोट आठवत असेल, तर एका कागदावर लिहून माझ्याकडे द्या. मी आणि भाचा यादीत शोधू. सांगणारे आहेत तोवरच हे होऊ शकते. आमच्या घरी मी विचारायला उशीर केला.

चिटणीसबाई, मला दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोलले, त्याबद्दल क्षमा असावी. सहलीची वही दाराशी ठेवली आहे, तिच्यात नाव घालायला विसरू नका एवढे सांगून माझे भाषण संपवते.